हंगामाचा एक आकडा पुरेसा नाही

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामानशास्त्र विभाग नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यातला एकच आकडा ठळक अक्षरांत येतो. देशात दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के पाऊस पडेल, एवढाच त्या मथळ्याचा आशय असतो. त्या आकड्यावर बाजाराचा कल ठरतो, बियाणे आणि खतांच्या मागणीचे हिशेब होतात, मंत्र्यांची निवेदने येतात आणि शेतकरी मनाशी आडाखे बांधू लागतो. माझे म्हणणे असे आहे, की हा आकडा शास्त्रीयदृष्ट्या कितीही प्रामाणिक असला, तरी ज्या आपत्तीपासून माणसे, पिके आणि घरे वाचवायची आहेत तिच्याविषयी तो फारच थोडे सांगतो. उन्हाळ्यात दिला जाणारा हंगामाचा अंदाज विभागवार, संभाव्यतेच्या भाषेत आणि अतिवृष्टीच्या जोखमीसह लोकांपुढे यायला हवा, आणि त्या संभाव्यतेला धरणे, शेती व शहरे यांविषयीचे निर्णय आधीपासून बांधलेले असायला हवेत.

२०२१ चा हंगाम यासाठी पुरेसा बोलका आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये विभागाने ९८ टक्के पावसाचा अंदाज दिला आणि हंगाम ९९ टक्क्यांवर संपला. याहून अचूक हंगामी अंदाजाची अपेक्षाच करता येत नाही. जुलै महिन्यात तर देशाचा पाऊस सरासरीपेक्षा ७ टक्क्यांनी कमी भरला. त्याच जुलैच्या २२ तारखेला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. देशाच्या नोंदवहीत ते वर्ष ‘सामान्य’ पावसाचे म्हणून गणले गेले, आणि शास्त्राच्या व्याख्येनुसार ते बरोबरही आहे. अंदाज बरोबर आला, तरी माणसे वाचली नाहीत. म्हणून अंदाज चुकला की बरोबर आला, एवढ्यावरच दरवर्षी जी चर्चा रंगते, ती मूळ प्रश्नाला स्पर्शही करत नाही.

हा आकडा नेमके काय मोजतो, हे आधी पाहू. १९७१ ते २०२० या काळातील जून ते सप्टेंबरच्या पावसाची देशभराची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान पाऊस झाला तर हंगाम सामान्य, १०५ ते ११० टक्के झाला तर सामान्यपेक्षा अधिक आणि ९० टक्क्यांच्या खाली गेला तर तुटीचा मानला जातो. म्हणजे इथे दोन सरासऱ्या एकावर एक चढवलेल्या आहेत: एक चार महिन्यांची आणि दुसरी केरळपासून काश्मीरपर्यंतच्या भूभागाची. मेअखेरच्या सुधारित अंदाजात देशाचे चार मोठे विभाग वेगळे दाखवले जातात हे खरे, पण त्यातही महाराष्ट्राचा समावेश मध्य भारतात होतो, आणि तो मध्य भारत गुजरातपासून ओडिशापर्यंत पसरलेला आहे. सौराष्ट्र, मराठवाडा, बस्तर आणि महानदीचे खोरे यांचा पाऊस एका टक्केवारीत कोंबल्यावर त्या टक्केवारीतून बीडच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाने काय समजून घ्यायचे? महाराष्ट्रातच सह्याद्रीच्या माथ्यावरचे महाबळेश्वर आणि तिथून तीसेक किलोमीटरवरची वाई यांच्या पावसात कित्येक पटींचा फरक असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात तो ७३ मिलिमीटर होता. उष्ण कटिबंधातला जोरदार पाऊस असाच असतो: अरुंद पट्ट्यात, थोड्या तासांत आणि शेजारच्या गावाला चुकवून जाणारा. त्याला सरासरीच्या भाषेत मांडता येत नाही.

विभागाकडे यापेक्षा अधिक माहिती नसते, असे मात्र नाही. एप्रिल २०२५ चा अंदाज पाहावा. १०५ टक्के हा आकडा सर्वांनी छापला, त्यात ५ टक्के कमी-अधिक चुकीची शक्यता आहे हे काहींनी छापले; पण त्याच निवेदनात तुटीपासून अतिरिक्तपर्यंत पावसाच्या पाचही वर्गांची संभाव्यता दिलेली होती. सामान्यपेक्षा अधिक किंवा अतिरिक्त पावसाची शक्यता मिळून ५९ टक्के, सामान्य पावसाची ३० टक्के आणि त्याहून कमी पावसाची ११ टक्के. जोडीला देशाचा नकाशा होता आणि कोणत्या भागात कोणती शक्यता अधिक आहे हे त्यात रंगांनी दाखवले होते. ५९ टक्के शक्यता म्हणजे दहापैकी चार वेळा तसे घडणार नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगितली तर तो गोंधळेल, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला हे मान्य नाही. मृगाचा पाऊस पडला म्हणून पेरायचे की आर्द्रापर्यंत थांबायचे, हा निर्णय तो आयुष्यभर शक्यता तोलूनच घेत आला आहे. पावसाविषयीची खात्री त्याला कोणी कधी दिली नव्हती. उलट, जो अंदाज शक्यतेच्या स्वरूपात आहे तो खात्रीच्या स्वरूपात त्याच्यापर्यंत पोहोचवला जातो, आणि म्हणून तो खोटा ठरला की विश्वास उडतो.

हंगामाचा अंदाज देता येतो आणि तीन आठवड्यांनंतरच्या अतिवृष्टीचा दिवस सांगता येत नाही, हे अनेकांना विसंगत वाटते. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उष्ण कटिबंधात रोजचा पाऊस ढगांच्या उभ्या वाढीवर अवलंबून असतो आणि ही वाढ काही तासांत घडते व विरते. त्यामुळे ठरावीक दिवसाचा, ठरावीक ठिकाणचा अंदाज काही दिवसांच्या पलीकडे जात नाही. परंतु महिन्यांच्या पातळीवर पावसाचा एकूण कल मोठ्या प्रमाणात समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानासारख्या संथ बदलणाऱ्या गोष्टींनी ठरतो, आणि समुद्र घाईने बदलत नाही. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हा विचार मांडला आणि आजचे हंगामी अंदाज त्याच पायावर उभे आहेत. त्याआधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, गिल्बर्ट वॉकर यांनी भारतातील पावसाचा माग काढता काढता प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाच्या हेलकाव्याचा शोध लावला होता. आज एल निनो हा शब्द गावोगावी माहीत आहे, तो त्याच शोधाच्या पुढच्या टप्प्यामुळे.

तरीही एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा अधिक तापणे, आणि भारतातला कमी पाऊस यांचे नाते अटळ नाही. १९९७ मध्ये शतकातील अतितीव्र एल निनोंपैकी एक असताना भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ मध्ये १०१ टक्क्यांचा अंदाज होता, पण जुलै महिन्यात निम्म्याहून अधिक पाऊस बुडाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. हिंदी महासागराच्या दोन टोकांमधील तापमानाचा फरक, विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या तीस ते साठ दिवसांच्या लहरी, बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे, हे सगळे मिळून हंगामातले जोराचे दिवस आणि खंडाचे दिवस ठरतात. यांतल्या काहींची चाहूल दोन ते चार आठवडे आधी लागते, काहींची तीन-चार दिवस आधी. म्हणजे एकच अंदाज असा नसतोच. उन्हाळ्यात मिळणारा हंगामाचा कल, महिन्याच्या अखेरीस मिळणारा पुढच्या महिन्याचा कल, दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, रोजचा पाच-सात दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि रडारवरून दिला जाणारा पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा, अशी ही साखळी आहे. सार्वजनिक चर्चेत तिची पहिली कडी तेवढी येते, शेवटची कडी मोबाइलवर येऊन धडकते, आणि मधल्या कड्या, ज्यांच्यावर तयारीचे खरे निर्णय घेता येतील, त्या कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

या मधल्या कड्यांचे महत्त्व वाढण्याचे आणखी एक कारण आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. भारतातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५१ ते २००० या काळात मध्य भारतातील अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाचे दिवस घटले, असे दिसले. दोन्ही एकमेकांना भरून काढत असल्याने हंगामाच्या सरासरीत फारसा फरक पडला नव्हता. २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले. हे निष्कर्ष मला या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटतात. सरासरी स्थिर राहते आणि तिच्या पोटातला पाऊस बदलतो. अशा काळात सरासरीवर नजर खिळवून बसणे म्हणजे जिथे बदल होत नाही तिकडे पाहत राहणे होय.

२०२५ च्या उन्हाळ्याने आणि पावसाळ्याने ही गोष्ट महाराष्ट्राला दोन टोकांनी दाखवून दिली. मे महिना हा आपल्याकडे वळिवाचा, तोही तुरळक. त्या वर्षी २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत, म्हणजे ११ जून या सर्वसाधारण तारखेच्या दोन आठवडे आधी आणि उपलब्ध नोंदींमध्ये सर्वांत लवकर. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. काढणीला आलेला उन्हाळी कांदा शेतात भिजला, जमिनीला वापसा न मिळाल्याने मशागत खोळंबली आणि मेच्या अखेरीस पेरणी करावी की काय, असा प्रश्न उभा राहिला. पाऊस आला, पण पुढे त्याची वाटचाल जवळजवळ तीन आठवडे रेंगाळली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा जुना सल्ला अशा वेळी अपुरा पडतो, कारण तेवढा पाऊस तर मेमध्येच होऊन गेलेला असतो. पुढचा खंड किती दिवसांचा असू शकेल, हे कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

इथे एक आशादायक घटना नोंदवली पाहिजे. त्याच वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूपांच्या साहाय्याने पावसाच्या आगमनाचा स्थानिक अंदाज तयार करून १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने पाठवला. तो चार आठवड्यांपर्यंत आधी मिळणारा होता, संभाव्यतेवर आधारलेला होता, आणि मध्येच पाऊस रेंगाळणार असल्याचा कलही त्यातून दिसला. हाच मार्ग योग्य आहे. शेतकऱ्याला देशाची टक्केवारी नको असते. आपल्या भागात पेरणीयोग्य पाऊस कोणत्या आठवड्यात सुरू होण्याची शक्यता किती आणि त्यानंतर मोठा खंड पडण्याची शक्यता किती, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला या दोन उत्तरांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता त्याच हंगामाचे दुसरे टोक. २०२५ चा पावसाळा देशात १०८ टक्क्यांवर संपला. अंदाज अधिक पावसाचाच होता, त्यामुळे तो खरा ठरला. ऑगस्टच्या अखेरीस विभागाने सप्टेंबरमध्येही देशात सरासरीच्या १०९ टक्क्यांहून अधिक पाऊस होईल, असे सांगितले होते. त्यानंतर बंगालच्या उपसागराकडून पश्चिमेकडे सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांनी मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात एकामागून एक अतिवृष्टी घडवली. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात गेले, सीना नदीच्या पुराने माढा आणि करमाळा तालुक्यांतली गावे वेढली, जनावरे दगावली आणि कित्येक ठिकाणी शेतातली माती खरवडून निघून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर करावे लागले. ज्या मराठवाड्यात दुष्काळाची यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या घडत आली, तिथे पुराची यंत्रणा मात्र तेवढी घडलेली नव्हती. टँकरची, चारा छावणीची, रोजगार हमीच्या कामाची पद्धत प्रत्येक तहसील कार्यालयाला पाठ आहे. नदीकाठच्या वस्त्यांना बोटीने काढायचे कसे, जनावरे कुठल्या उंचवट्यावर न्यायची, कापणी केलेल्या सोयाबीनच्या गंजी किती दिवस आधी हलवायच्या, याची पद्धत तशी पाठ नाही. ३१ ऑगस्टच्या त्या एका वाक्यानंतर, सप्टेंबर ओला जाण्याची शक्यता जास्त आहे एवढे कळल्यावर, कोणत्या जिल्ह्यात कोणते काम आपोआप सुरू व्हायला हवे होते? हा प्रश्न मी दोष देण्यासाठी विचारत नाही. असे काम कुठेही लिहून ठेवलेले नसेल, तर अंदाज कितीही सुधारला तरी त्याचे काय करायचे हे कोणालाच कळणार नाही.

धरणांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली अनेक दिवस पाण्याखाली होती. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. त्या वर्षीचा हंगामी अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस ११० टक्के झाला. परंतु त्याआधीचे वर्षही आठवले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावण्या सुरू होत्या आणि जूनमध्ये देशाचा पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी झाला होता. अशा स्थितीत धरण सांभाळणाऱ्या अभियंत्याला जुलैमध्ये आलेले पाणी सोडून देण्याचे धैर्य कुठून येणार? पुढे पाऊस झालाच नाही तर सिंचनाचे, पिण्याचे आणि विजेचे पाणी घालवल्याचा ठपका त्याच्यावर येतो. आणि पुढे अतिवृष्टी झाली तर धरण भरून ठेवल्याचा ठपकाही त्याच्यावरच येतो. कोणत्या तारखेला जलाशय किती भरलेला असावा, याच्या परिचलन सूच्या असतात. पण त्या बहुतांशी मागच्या दशकांतल्या येव्याच्या, म्हणजे धरणात आलेल्या पाण्याच्या, आकड्यांवर बेतलेल्या आहेत आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या अंदाजाला त्यांत पुरेसे स्थान नाही. विस्तारित अंदाजात घाटमाथ्यावर मोठ्या पावसाची शक्यता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर पातळी किती खाली आणायची आणि विसर्ग किती दिवसांत हळूहळू वाढवायचा, हे आधी ठरलेले असावे. आणि त्या नियमाप्रमाणे वागलेल्या अधिकाऱ्याला, पाऊस न आल्यास, संरक्षण असावे. हे संरक्षण शासन निर्णयाने द्यावे लागेल, सूचनेने भागणार नाही. कृष्णेच्या खोऱ्यात कर्नाटकाशी रोजचा समन्वय हवा, भीमेच्या खोऱ्यात पुण्यापासून पंढरपूरपर्यंतच्या सगळ्या धरणांचा एकत्र विचार हवा. ही कामे अवघड आहेत, पण शास्त्राच्या अभावी अडलेली नाहीत.

शेतीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट २०२४ च्या सुरुवातीची आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांशी जोडलेली आणि तालुका पातळीवरचा हवामान सल्ला तयार करणारी देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे तेव्हा बंद करण्यात आली. अंदाज तयार करणारी यंत्रे अधिक शक्तिशाली होत असताना, तो अंदाज पिकाच्या आणि मातीच्या भाषेत सांगणारी माणसे कमी करण्यात आली. ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही हवामान अंदाजाची नवी प्रणाली मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली आणि अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली, याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. पुण्याच्या शास्त्रज्ञांचे ते मोठे काम आहे. पण ६ किलोमीटरच्या चौकोनात किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे कळल्यावर सोयाबीनची काढणी दोन दिवस अलीकडे घ्यावी का, फवारणी थांबवावी का, सरीतून पाणी बाहेर काढण्यासाठी चर कुठे पाडावा, हे सांगायला त्या पिकाशी आणि जमिनीशी परिचित माणूस लागतो. मोबाइलवर शेतीचा हवामान सल्ला देणारे ‘मेघदूत’ अ‍ॅप किंवा विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ उपयुक्त आहेत, तरी ती त्या माणसाची जागा घेत नाहीत. ही पोकळी रिकामी राहिली नाही, हेही आपण पाहतो. आठवड्याचा, महिन्याचा, तारखांसह पाऊस खात्रीने सांगणारे कितीतरी संदेश आणि चित्रफिती गावोगावी फिरतात. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात कारण तिथे कोणीतरी आपल्या बोलीत, आपल्या तालुक्याचे नाव घेऊन बोलत असते. अधिकृत अंदाज तसे बोलू लागला, तर खात्रीच्या या व्यापाराला उतार पडेल.

शहरांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथले रोगनिदान सर्वांना ठाऊक आहे: नाले बुजवले, नदीपात्रात भराव टाकले, पूररेषेच्या आत बांधकामे झाली. मुंबईला २००५ नंतर डॉप्लर रडार मिळाले, २०२० पासून ‘आयफ्लोज’ ही पूर इशारा प्रणालीही आहे. तिथे उणीव आहे ती इशाऱ्यानंतरच्या दोन तासांची. कोणत्या शाळा निवाऱ्यासाठी उघडायच्या, कोणते रस्ते आधीच बंद करायचे, लोकलमध्ये अडकलेल्यांना कुठे उतरवायचे, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागू नये.

या मागणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. शक्यतेवर कामे सुरू केली, तर अनेकदा ती वाया जातील; नारिंगी किंवा लाल इशारा दिल्यावर शाळांना सुटी द्यावी आणि दिवसभर ऊन पडावे, असे दोनदा घडले की तिसऱ्या वेळी कोणी ऐकणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय कमी इशारे देणे हा नाही. प्रत्येक इशाऱ्याला त्याच्या खर्चाच्या प्रमाणातले काम जोडणे हा आहे. एखाद्या तयारीला १ लाख रुपये लागत असतील आणि तिच्यामुळे १० लाखांचे नुकसान टळणार असेल, तर आपत्तीची शक्यता दहा टक्क्यांहून थोडी जास्त असली तरी ती तयारी करणे हिशेबाने योग्य ठरते. दहापैकी आठ वेळा ती वाया गेली तरीही. याउलट शहर ठप्प करण्यासारखा महागडा निर्णय फार मोठी शक्यता असल्याशिवाय घेऊ नये. पंप तपासणे, बोटी नदीकाठच्या तालुक्यात नेऊन ठेवणे, धान्य आणि औषधे आधी पोहोचवणे, ही स्वस्त कामे आहेत आणि ती हंगामी किंवा मासिक अंदाजावरच सुरू व्हावीत. गाव हलवणे हे महागडे काम आहे आणि त्यासाठी दोन-तीन दिवस आधीचा पक्का इशारा लागतो. अंदाजाच्या साखळीतील प्रत्येक कडीला तिच्या बळाएवढेच वजन द्यायचे, इतकी ही साधी रचना आहे.

अशी रचना आपल्या देशात उभी राहू शकते, याचा पुरावाही आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधी हलवण्यात आले आणि बळींची संख्या काही दहांवर राहिली. मधल्या काळात वादळाचा अंदाज सुधारला, पण त्याच्याबरोबरीने किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावपातळीवर माणसे तयार झाली आणि कोणत्या इशाऱ्यावर कोणी काय करायचे हे ठरले. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला. तापमानाच्या ठरावीक अंदाजाला रुग्णालये, पाणपोया आणि मजुरांच्या कामाच्या वेळा जोडल्या गेल्या. वादळ आणि उष्णता यांच्यासाठी जे जमले, ते अतिवृष्टीसाठी अधिक कठीण आहे हे मी मान्य करतो, कारण वादळाचे केंद्र उपग्रहातून दिसत असते आणि ढगफुटीसारखा पाऊस शेवटच्या काही तासांतच आपली जागा दाखवतो. म्हणूनच इथे आधीच्या आठवड्यांतली तयारी अधिक मोलाची ठरते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणि जिल्ह्याचा आराखडा बंधनकारक केला आहे. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतातही. त्या बैठकीत हवामानशास्त्र विभागाचा प्रतिनिधी बसावा आणि त्याने त्या जिल्ह्यापुरते तीन प्रश्न संभाव्यतेसह मांडावेत: हंगामाचा कल काय, मोठ्या खंडाची शक्यता किती आणि अतिवृष्टीचे दिवस नेहमीपेक्षा अधिक असण्याची शक्यता किती. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज क्षीण विश्वासानेच देता येईल, तर तसे स्पष्ट सांगून द्यावे. कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चारही उपविभागांचे निवेदन मराठीत, नकाशासह, त्याच दिवशी निघावे आणि वृत्तपत्रांनी मथळा त्यावरून करावा. महसूल मंडळांत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांची आकडेवारी आज प्रामुख्याने ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची अट पूर्ण झाली की नाही, म्हणजे भरपाई द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी वापरली जाते. तीच आकडेवारी अंदाज तपासण्यासाठी शास्त्रज्ञांना आणि नागरिकांना खुली असावी. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी गेल्यावर प्रत्येक जिल्ह्याने कोणता इशारा केव्हा मिळाला, त्यावर कोणते काम झाले, कोणते राहिले आणि कुठे पाऊस आलाच नाही, याचा लेखी हिशेब प्रसिद्ध करावा, आणि पुढच्या मे महिन्याची बैठक त्या कागदाच्या वाचनाने सुरू करावी.